पदराला न लागलेलं काजळ

आमच्या घरात काजळ कधी विकतचं आलं नाही. विकतच्या काजळाला आई 'बाजारचं काळं' म्हणायची, आणि ते घालणाऱ्या बाईकडे ती अशा नजरेने बघायची की त्या बाईने घरी जाऊन तोंड धुवावं. घरात कुणी बाळंतीण झाली, की पाचवीच्या आत आई परसात एरंडेलाची पणती लावायची. दोन्ही अंगांना दोन विटा, त्यांवर तांब्याचं तबक पालथं, आणि तबक तापू नये म्हणून त्याच्यावर ओलं फडकं. मग धरलेली काजळी बोटाने खरवडून गाईच्या तुपात कालवायची आणि पितळी डबीत भरायची. एरंडेलाचा तो कडवट वास परसात दोन दिवस रेंगाळायचा. आम्हा पोरींना त्या दिवशी परसात जायची बंदी, कारण आमच्या पळापळीने पणती विझते आणि विझलेल्या पणतीचं काजळ लेकराला सोसत नाही, असं आईचं म्हणणं. आईची अशी पुष्कळ म्हणणी होती, आणि आमचं घर त्यांच्यावरच उभं होतं.

त्यातलंच एक असं, की घरातलं लेकरू गेलं तर वर्षभर घरात काजळ धरायचं नाही आणि घरातल्या एकाही बाईने डोळ्यात घालायचं नाही. ही रीत आमच्या साऱ्या कुरुंदा गावाची होती, की माझ्या आजीने आमच्यापुरती घालून दिलेली, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नाही. पण आई ती रीत देवाच्या नेमासारखी पाळायची.

माझी वहिनी गोदा औंढ्याकडच्या एका लहानशा गावातून आमच्याकडे आली. तिला आईबाप नव्हते. एका काकाने वाढवलं आणि अक्षता पडताच हात झटकले. लग्नात आलेल्या बाया म्हणाल्या, "पोरीच्या तोंडावर नुसते डोळेच डोळे हायत." खरंच होतं ते. बाकीचा चेहरा आपला बेताचा, पण डोळे असे टपोरे की ती मुकाट बसली तरी काहीतरी बोलून राहिली आहे असं वाटायचं. आणि मुकाट ती फारशी बसायचीच नाही. जात्यावर बसली की मला समोर ओढायची आणि एकेका नातेवाइकाच्या नावाने ओव्या जुळवायची. माझ्या हट्टा गावच्या मावशीवर तिने जुळवलेली ओवी इथे लिहिण्यासारखी नाही. आई चुलीपाशी भाकरी थापत असायची. तिला सगळं ऐकू जायचं. "दळण बारीक पडून राहिलं का नुसती जीभच फिरून राहिली?" असं ती ओरडायची, पण तोंड चुलीकडे वळवून, म्हणजे हसत असणार.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ नामदेव. वहिनीच्या बोलण्याला दादा घाबरायचा आणि तिच्यावाचून त्याला करमायचंही नाही. ओल्या हळदीचं लोणचं तो फक्त तिच्या हातचं खायचा. त्यांना मुलगा झाला तेव्हा आईने पणती लावली, काजळ धरलं, डबी वहिनीच्या उशाशी ठेवली. बाळ रांगायला लागलं, ओसरीवरून दोनदा खाली पडलं, माझ्या वडिलांच्या, आबांच्या, मिशा ओढायला शिकलं. पोळ्याच्या सुमारास त्याला ताप भरला. गावात होते नव्हते ते सगळे उपाय झाले. हिंगोलीला न्यायचं म्हणून गाडी जुंपली, पण बैलांच्या खांद्यावरचं जू काढावं लागलं. मी त्याहून जास्त लिहिणार नाही.

गाव दुखवट्याला आलं. आमच्याकडची रीत अशी, की येणारी बाई दारातूनच गळा काढते, घरातली बाई उठून तिच्या गळ्यात पडते आणि दोघी मिळून रडतात. रडून झालं की पाणी पितात आणि बसतात. वहिनी उठलीच नाही. बाया येत होत्या, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या, आणि ती कोरड्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत होती. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटेवर बोलणं सुरू झालं, "काळीज हाय का दगूड?" आईच्या कानावर ते आलंच. आई स्वतः ढसाढसा रडली होती, आवाज बसेपर्यंत. जी रडते तिलाच दुःख होतं, हा तिचा सरळ हिशेब.

मग दिवस नेहमीसारखे सुरू झाले. वहिनी उठायची, झाडायची, दळायची. कामात खोट नव्हती. पण जात्याचा खुंटा धरलेला हात मध्येच थांबायचा आणि दळण तसंच राहायचं. मी हलवलं की हात पुन्हा फिरायला लागायचा. ओव्या बंद झाल्या. भाकरी ती वाढून घ्यायची आणि ताटातच कुस्करत बसायची. पहाटे मला जाग यायची तेव्हा ती अंथरुणावर उठून बसलेली असायची, माझ्याआधी, कोंबड्याच्याही आधी. आणि तिचे डोळे हळूहळू मागे सरायला लागले. मला त्या वयात ते तसंच दिसलं. डोळे तेच, तेवढेच, पण चेहऱ्यातून दोन पावलं आत गेलेले. सकाळी पापण्या सुजून जड झालेल्या असायच्या. भुवया दोन्हीकडून उतरल्या. आणि खालच्या पापणीखाली सावली धरली, आधी निळसर, मग करडी, मग काळी. आमच्या माजघरात दिवसाही अंधारच असायचा, त्यामुळे ती सावली कुणाच्या नीट डोळ्यात भरली नाही.

माझी नात नांदेडला डॉक्टरकीचं शिकते. तिला मी हे एकदा सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, हे तर सरळसरळ डिप्रेशन आहे. झोप नाही, खाणं नाही, चेहरा असाच होतो. डोळ्यांभोवती तर आधी दिसतं." मी म्हटलं, बाई, तुमच्याकडे त्याला नाव आहे, आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे तापाला नाव होतं, खोकल्याला होतं, नजरेला होतं, अंगात येणाऱ्या प्रत्येक देवीला होतं. ज्याला नाव नाही ते दुखणं माणसाने सांगावं तरी कसं?  

माघ सरला आणि हळद निघाली. ज्यांनी हळदीचा हंगाम पाहिला नाही त्यांना मी काय सांगू? मळ्यात जमीन खोदून चुलाण केलेलं, त्याच्यावर माणूस बसेल एवढी लोखंडी कढई, आत ओल्या हळकुंडांची रास, वर हळदीचाच पाला आणि ओलं गोणपाट. वाफ सुटली की मातीचा आणि औषधाचा असा एक वास येतो की तो कपड्यांना, केसांना, भाकरीलाही लागतो. महिनाभर सगळ्या गावाची बोटं पिवळी. पहिली कढई चढवायची तेव्हा घरच्या सुनेने ती पुजायची, गुळभाताचा निवद दाखवायचा, आणि मग जमलेल्या सवाष्णींनी ओली हळद वाटून एकमेकींच्या गालांना लावायची. त्या दिवशी मळ्यात हसणंखिदळणं फार.

त्या पूजेला हट्ट्याची मावशी आदल्या दिवशीच आली. शांता तिचं नाव, पण ज्याने ठेवलं त्याने तिला बघितलं नसावं. तिच्या दिराची पोरगी लग्नाची होती, आणि बाळ गेल्यापासून मावशी आईच्या मागे लागली होती, की नामदेवचं दुसरं लग्न लाव. "एक लेकरू न्हाई सांभाळता आलं तिला. वर हुं का चुं न्हाई. असली सून घरात ठेवून तू काय करून राहिलीस?" आई हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. दुसरं लग्न लागलं की पहिल्या बायका माहेरी धाडल्या जायच्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वहिनीला तर माहेरही नव्हतं, दार लावून घेणारा काका तेवढा होता.

मावशीने स्वतःला अंथरूण घ्यायला म्हणून वहिनीची वाकळ ओढली आणि तिच्या घडीतून काजळाची डबी टणकन जमिनीवर पडली. मी तिथेच होते. वहिनी शेणाच्या गोवऱ्या आणायला गेली होती. मावशीने डबी उचलली आणि आईपुढे धरली. "बघ. वर्षाच्या आत. लेकराच्या डबीतलं काजळ घालून राहिली तुझी सून. मी आली तवाच मला तिचे डोळे काळे दिसले होते." आईने डबी हातात घेतली आणि कमरेला खोवली. मग मावशीनेच ठरवून टाकलं, "उद्या कढई झाली की तिच्या काकाकडं माणूस धाड. अन् नामदेवला घेऊन हट्ट्याला ये." आई म्हणाली, "बघू." आईचं 'बघू' म्हणजे हो, हे घरातल्या मांजरालाही कळायचं.  दादा ओसरीवर बसून दोर वळत होता. त्याला सगळं ऐकू आलं असणार. तो दोर वळत राहिला.

दुसऱ्या दिवशी मळ्यात बाया जमल्या. आमच्या समोर राहणारी खातूनचाचीही आली. तिचा नवरा गावोगाव हिंडून भांड्यांना कल्हई करायचा. आई तिच्या घरचं शिजवलेलं घ्यायची नाही, पण तिचं सुखदुःख सगळं घ्यायची आणि आपलं तिला द्यायची. वहिनीने कढईच्या काठाला कुंकू लावलं, निवद दाखवला. पूजा तिने नीट केली, काहीच चुकलं नाही. मग आईने परातीतली ओली हळद बोटांवर घेतली आणि रीतीप्रमाणे सुनेच्या गालांना लावली. ऊन वर आलेलं होतं. त्या उन्हात, पिवळ्या हळदीच्या वर, वहिनीच्या डोळ्यांखालचं काळं एकदम उठून दिसलं.

मावशीला तेवढंच हवं होतं. "बघा गं बायांनो," ती ओरडली, "चोरी उन्हात उघडी पडली. लेकरू जाऊन वर्ष न्हाई झालं अन् ही डोळे रंगवून पूजेला आली!"

आईने विचारलं, "गोदा, काजळ घातलंस?"

"न्हाई, आत्याबाई."

"मग डबी तुझ्या वाकळीत काहून होती?"

 वहिनी दुखवट्यातल्या त्या भिंतीकडे बघावं तसं समोर बघत राहिली. तिचं ते बघणं आईला नेहमी टोचायचं. आईने पूजेचा तांब्या उचलला, पदराचं टोक त्यात बुडवलं आणि एका हाताने वहिनीची हनुवटी धरून दुसऱ्या हाताने डोळ्याखाली पुसलं. पदराला हळद लागली. आईने पदर उलटा केला, पुन्हा पुसलं. पुन्हा हळदच. मग आई रगडायलाच लागली. वहिनीने तोंड मागे घेतलं नाही, डोळेही मिटले नाहीत. गालाची कातडी लाल झाली, काळं होतं तिथेच राहिलं. मी आईच्या लुगड्याला धरून ओढत होते, "आई, पुरे गं," म्हणत होते, आणि ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

शेवटी खातूनचाची पुढे झाली आणि तिने आईचं मनगट धरलं. "कायकू रगडती बाई? बच्ची की आँख है, देगची नै."

आईचा हात थांबला. तिने पदर डोळ्यांजवळ नेऊन बघितला. ओला, पिवळाधमक, आणि कुठेही काळ्याचा ठिपका नाही. मग तिने कमरेची डबी काढून उघडली. आतलं काजळ वाळून कडक झालं होतं, त्याच्यावर धूळ धरली होती, आणि मधोमध एका बोटाचा खोलगट ठसा होता. माझी आई तापट होती, हट्टी होती, पण मूर्ख नव्हती. तिला काय कळलं ते तिच्या तोंडावर आम्हा सगळ्यांना दिसलं. ती तिथेच पाल्याच्या ढिगावर मटकन बसली आणि तिने वहिनीलाही हाताला धरून खाली बसवलं.

"कधीपासून झोपली न्हाईस गं?"

"झोप येते, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "डोळे मिटले की कूस हलकी लागते. मग जाग येते."

"अन् ही डबी?"

"त्या सकाळी त्याला तीट लावली होती. माझं बोट हाय त्यात. पुन्हा कुणी बोट घातलं असतं तर गेलं असतं ते."

"मला सांगितलं काहून न्हाई?"

"काय सांगू? ताप न्हाई, दुखत न्हाई कुठं. लेकरू तर साऱ्या घराचंच गेलं. मी एकटीनं काय सांगू?"

आईला रडू आलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल, पण ती रडली नाही. रडण्यावरचा तिचा भरवसा बहुतेक त्या दिवशी उडाला. तिने डबीचं झाकण लावलं, डबी वहिनीच्या हातात दिली आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटवली. मग मावशीकडे मान वर करून म्हणाली, "शांते, तुझ्या दिराच्या पोरीला दुसरं घर बघ. माझी सून माझ्या घरी हाय." मावशी काही बोलायला गेली तर आई म्हणाली, "जेवून जा. पण आजच जा." मावशी न जेवताच गेली. दादा कढईखाली लाकडं सारत होता. तो धुराचं निमित्त करून पुष्कळ वेळ डोळे पुसत राहिला. मला त्याचा राग आला होता आणि कीवही आली होती, आणि आज इतक्या वर्षांनीही त्यातलं जास्त काय होतं ते सांगता येत नाही.

वहिनी त्या दिवशी बरी झाली असं काही झालं नाही. तसं गोष्टीत होतं. आईने आपलं अंथरूण माजघरात वहिनीच्या अंथरुणाला लावून घातलं, आणि रोज झोपताना आपला हात तिच्या कुशीत टाकून ठेवायची. तो हात जड असायचा, शिवाय आई घोरायची. दिवसा तिला अंधारात बसू द्यायची नाही, हळद वाळत घातलेल्या खळ्यावर उन्हात राखणीला बसवायची आणि मला जोडीला. तिथे एकदा आई माझ्यादेखत तिला सांगत होती, की नामदेवच्या आधी तिचीही दोन लेकरं गेली होती. आम्हाला कुणाला ते ठाऊक नव्हतं. "तवा मी लई रडले," आई म्हणाली, "म्हणून सगळ्याहिला कळलं. तुला रडता न्हाई आलं, म्हणून कुणाला कळलं न्हाई." तोंडाने मात्र आई होती तशीच राहिली. भाकरी करपली की वहिनीचा उद्धार व्हायचाच. पुढच्या हळदीपर्यंत डोळ्यांखालचं काळं विटत विटत करडं झालं. जात्यावर एका सकाळी मावशीच्या नावाची ती जुनी ओवी ऐकू आली, तेव्हा आईने चुलीकडे तोंड वळवलं. पूर्ण गेलं नाही ते काळं कधीच. नंतर दोन पोरं झाली तरी ओळखणाऱ्याला दिसायचं.

माझं लग्न हिंगोलीत झालं. निजामी जाऊन राज्य बदललं त्याच वर्षीच्या दिवाळीला मी माहेरपणाला आले. त्या दिवसांबद्दल लोक मोठमोठं लिहितात, मला घरापुरतंच ठाऊक. सासरी मला कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. दिवसच्या दिवस कुणी बोलत नव्हतं एवढंच, आणि ते माहेरी सांगण्यासारखं आहे असं मला वाटलं नव्हतं. गाव जवळ आलं तशी मी गाडी ओढ्यापाशी थांबवायला लावली, तोंड धुतलं आणि हिंगोलीच्या बाजारातून घेतलेलं काजळ चांगलं ठसठशीत भरून घेतलं. पाण्यात वाकून पाहिलं. छान दिसत होते मी.

दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी होती, तिच्यामागे कडेवर धाकटं पोर घेतलेली वहिनी. सासरचा गडी माझं गाठोडं उतरवत विचारत होता, "भाऊबीज झाली की गाडी आणू का न्यायला?" आईने माझ्याकडे बघितलं आणि तिचं पहिलंच वाक्य, "बाजारचं काळं घातलं व्हय गं?" मी हसले. फार मोठ्याने हसले.

वहिनी हसली नाही. तिने पोराला खाली ठेवलं, पायांवर घालायचा तांब्या आईच्या हातून घेतला आणि आपल्या पदराचं टोक त्यात भिजवलं. "इकडं बघा, सुंदराबाई," म्हणाली, आणि दुखऱ्या जागेला हात लावावा तसं हळूच माझ्या डोळ्यांखाली पुसलं. काजळ पदराला लागलं. तिने पदर उलटा केला आणि पुन्हा पुसलं, या वेळी पदराला काही लागलं नाही. मग ती बाजूला झाली, आईला दिसावं म्हणून.

आईने वहिनीचा पदर पाहिला, मग माझं तोंड पाहिलं. भाकरतुकडा माझ्यावरून उतरून टाकला आणि गड्याला म्हणाली, "गाडी रिकामीच ने, बापा. आमी बोलावल्याबिगर यायचं न्हाई."